हिराचं वाळवण

सुरवाडीच्या पुरुषांना खाडी वरून ठाऊक होती आणि बायकांना खालून. पुरुष भरतीच्या पाण्यावरून होड्या हाकायचे. बायका ओहोटी लागली की डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, लुगडं वर खोचून, पायाने तळ चाचपत पलीकडे जायच्या. तिथून पुढे बोईसर स्टेशनापर्यंत पायपीट आणि मग गाडीने पालघरचा बाजार. तरीही खाडीवर साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, बांधायची गोष्ट निघाली तेव्हा जागा ठरवायला पुरुषच पुढे सरसावले. कधीही खाडी न तुडवलेली माणसं साकवाबद्दल फार खात्रीने बोलत होती.

गोष्ट निघाली ती पालघरच्या गवतशेटच्या ट्रस्टमुळे. हा शेट जन्मभर मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवून गबर झाला आणि पोटी मूल नसल्याने सगळं लोकांच्या कामासाठी ठेवून गेला. पण पडला व्यापारी. जाताना अटी घालायला विसरला नाही. अडचण कोणती ते गावाने सांगायचं, ती कशी सोडवायची तेही गावानेच ठरवायचं, अंगमेहनत गावाची, सामान आणि गवंडी ट्रस्टचा. आणि शेवटची अट अशी, की जे काम होईल ते ज्यांना रोज वापरायचंय त्यांनी सभेत तोंड उघडल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. या अटीपायी ट्रस्टचे चिटणीस चंद्रभान मास्तर मेटाकुटीला आले होते. उमरोळीपासून तारापूरपर्यंत सायकल दामटून त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की सभेत पुढारी बोलतात आणि बाकीचे पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसतात.

सहासष्ट सालच्या माघात सुरवाडीची सभा देवळासमोर भरली. कमलाकांत पाटलाने सुरुवातीलाच निकाल लावून टाकला.

"आमच्या धक्क्यापाशी खाडी सगल्यात अरुंद हाय. तितंच बांदायचा."

"वीस हात बी नाय," जानू तांडेलाने दुजोरा दिला. "सामान कमी लागंल."

मास्तर बायकांकडे वळले. "रोज तुम्ही जाता. तुम्ही सांगा, साकव कुठे हवा?"

चाळीस बायकांनी माना खाली घातल्या.

कोपऱ्यात हिरा बसली होती. धक्क्यापाशी खाडी अरुंद होती, कारण तिथे सगळं पाणी एका जागी खोल उकरत जायचं. चिखल असा, की बांबू खुपसला तर तळ सापडत नाही. तिथे बांधलेला साकव पहिल्या पावसाळ्यात बुडाला असता. खाली कातळ होता तो एकाच ठिकाणी. तिथे खाडी रुंद, पण पाय ठाम पडायचा. बायका वर्षानुवर्षं तिथूनच जात होत्या. आणि तो कातळ अलीकडच्या काठावर जिथे सुरू व्हायचा, तिथे हिराचं मासळी सुकवायचं वाळवण होतं.

नवरा जाऊन तिला अकरा वर्षं झाली होती. होडी नाही, दर्यावर जाणारा लेक नाही. दुसऱ्यांच्या होडीतले ओले बोंबील घ्यायचे, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूंवरच्या दोऱ्यांना टांगायचे, सुकले की बाजारात न्यायचे, एवढ्यावर तिची चूल पेटायची. त्या तुकड्यावर दोन्हीकडून वारा यायचा. बायका रोज दोऱ्यांखालून वाकून जायच्या, त्याचं तिला काही नव्हतं. पण साकव आला की चढण येणार, दगडाची भर येणार, बांबू उपटावे लागणार. आपल्या तोंडाने सांगायचं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवायची. ती गप्प राहिली.

बाकीच्या का गप्प होत्या, हे मास्तरांना कळणं शक्य नव्हतं. कोळीवाड्यात दुसरीच्या वाळवणाबद्दल कुणी बोलत नाही. कुणाचं किती सुकलं, कुणाची जागा कशी, हे ज्याचं त्याने बोलावं. दुसरीच्या चुलीवरचं झाकण जसं आपण उचलत नाही, तसंच हे.

मास्तरांनी पुढे बसलेल्या एकीलाच विचारलं, "बाई, तुम्ही तरी सांगा."

ती नेमकी नर्मदा होती. गेल्या पौषात नर्मदेची चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. डॉक्टर पलीकडे, खाडी भरतीने तुडुंब भरलेली, होड्या सगळ्या दर्यावर. नर्मदा पोरीला मांडीवर घेऊन हिराच्या वाळवणातच बसून राहिली, पाणी उतरायची वाट बघत. हिरा शेजारी बसून पोरीच्या कपाळावरची ओली फडकी बदलत होती. पाणी उतरलं तेव्हा पलीकडे जायचं कारण उरलं नव्हतं.

नर्मदेने एकदा हिराकडे पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "पाटील सांगतील तितं बांदा."

हे काही तोंड उघडणं नव्हे, म्हणून मास्तरांनी कागदाची घडी केली. "पुढच्या सोमवारी परत बसू," ते म्हणाले. पाटील चिडला, पण मास्तरांनी सही काही केली नाही.

हिराला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण नर्मदेची ती नजर तिला घासागणिक आठवू लागली. साकवाची गरज नर्मदेएवढी कुणाला होती? आणि तीच बाई माझ्या चार बांबूंसाठी खोटं बोलली.

सोमवारी मास्तर सकाळीच आले. ओहोटी लागत होती. धोतर वर खोचून, वहाणा हातात घेऊन ते बायकांबरोबर चालू लागले. हिराच्या दोऱ्यांखालून वाकताना त्यांच्या टोपीला बोंबील लागला, तशी सगळी रांग हसली. पाण्यात उतरल्यावर पायाखाली कातळ लागला आणि मास्तर थबकले. त्यांनी मागे वळून वाळवणाकडे पाहिलं, मग हिराकडे.

परतताना हिराने त्यांना गाठलं. "मास्तर, आता तुमीच सांगनार ना सभेत?"

"नाही, बाई. मी संध्याकाळी सायकलवर बसून निघून जाणार. राहायचं तुम्हा लोकांना एकमेकांजवळ. मी सांगितलं तर ते गावाचं राहणार नाही."

हिराला त्या माणसाचा राग आला. एवढा शिकलेला, आणि एवढंसं ओझंही उचलायला तयार नाही!

दुपारी सभा भरली. पाटलाने पुन्हा धक्क्याचं पालुपद लावलं. मास्तरांनी पुन्हा तोच प्रश्न बायकांना विचारला आणि चाळीस माना पुन्हा खाली गेल्या. त्या खाली गेलेल्या मानांकडे हिरा बघत राहिली. त्यातली एकही भीतीने खाली गेलेली नव्हती. सगळ्या तिच्यासाठी खाली गेल्या होत्या. तिला ते सोसवेना. ती उठली.

"धक्क्यापाशी तळ नाय. साकव बुडंल. कातल माज्या वालवनाखाली हाय, तितंच बांदा."

पाटील हसला. "तुला काय ठाव गो?"

"तुमी कंदी पायी गेलाव?" हिराने विचारलं.

जानू तांडेल पाटलाकडे बघू लागला आणि पाटील देवळाच्या कळसाकडे.

"आणि बाई, तुमचं वाळवण?" मास्तरांनी हळूच विचारलं.

याचं उत्तर हिराने ठरवलंच नव्हतं. "त्ये मला ठाव नाय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नर्मदा उठून उभी राहिली. "एक दोरी माज्या अंगनात," ती म्हणाली. मग मागून मंदा म्हणाली, "एक माज्या बी." मग कोण कोण बोललं ते मास्तरांना नीट टिपून घेताही आलं नाही.

शिमग्याच्या आत बांबू उपटले. पाटलाने, नाक मुरडत का होईना, पहिला दगड स्वतः वाहिला. पावसाळा आला आणि गेला. साकव जागचा हलला नाही.

हिराचं वाळवण मात्र सात अंगणांत विखुरलं. सकाळी सात घरी जाऊन बोंबील टांगायचे, उन्हं कलली की सात घरी जाऊन काढायचे. पायांचे तुकडे पडायचे. वारा कुठेच पहिल्यासारखा नव्हता. सगळ्यात शेवटी ती नर्मदेकडे जायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की सकाळी आपण दोरीला टांगतो त्याहून चार-सहा जोड्या संध्याकाळी जास्तच निघतात. नर्मदा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची, वर बघायची नाही. हिराही काही विचारायची नाही. दुसरीच्या वाळवणाबद्दल बोलायचं नसतं. ती सगळे बोंबील पाटीत भरायची, आणि घरी जाताना साकवाच्या कडेला, जिथे नर्मदा पोरीला घेऊन बसली होती, तिथे घटकाभर उभी राहायची.