भिंगरीची गोधडी

आमच्या घरात कपाट उघडायचं म्हणजे जीव मुठीत धरून उघडावं लागतं. दार ओढलं की अंगावर कापड कोसळतं. पलंगाखाली कापड, शिडीमागे कापड. एकदा तर माझ्या अवजारांच्या पेटीत पान्याला गुंडाळलेली फुलाफुलांची पट्टी सापडली! मी नळकाम करणारा माणूस. मला चार पाइप ठेवायचे तर हिची परवानगी काढावी लागते, आणि हिच्या चिंध्यांना मात्र अख्खी खोली. कुणाकडे गेलो तर माणसं माणसांशी बोलतात, ही पडद्याचं टोक दोन बोटांत धरून बसते. कोपऱ्यावरचा शिंपी उरलेले तुकडे हिच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. गल्ली हिला चिंधीमावशी म्हणते, आणि हिला राग यायचा सोडून वर अभिमान वाटतो. माझा शर्ट जरा विरला की ही त्याच्या बाहीकडे टक लावून बघते. "अगं, अजून आत मी आहे," असं मला सांगावं लागतं.

पण कामात हिचा हात धरणारं कुणी नाही, हे कबूल. हिच्या गोधडीचा टाका उलट्या बाजूनेही सरळ दिसतो. आणि हिचा एक नियम आहे, तो साक्षात देव खाली उतरला तरी ही मोडायची नाही. बाहेरून आलेलं कापड आधी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर. धुतल्याशिवाय त्याला ना कात्री लागायची, ना सुई. अगदी सुरुवातीला हिने एक लाल तुकडा तसाच जोडला होता. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला आणि सगळी गोधडी रक्ताळल्यासारखी झाली. शिवाय तुकडा आटला, शिवण फाटली. ही त्या गोधडीसाठी माणूस गेल्यासारखी रडली होती. तेव्हापासून हा नियम.

हिची धाकटी बहीण इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. आम्ही तिला धाकटीच म्हणतो. नवरा लवकर गेला, मागे राहिल्या मायलेकी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आमच्याकडे आली की चहा उभ्यानेच प्यायची, कप कुठेतरी ठेवायची आणि मग आम्ही तो शोधत बसायचो. एका सकाळी कामावर जाताना तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेली. एवढीशी पोर, आणि त्या ट्रकवाल्याला म्हणे ती दिसलीच नाही!

त्यानंतर धाकटीची झोप उडाली. म्हणजे अक्षरशः उडाली. दोघी एकाच पलंगावर झोपायच्या, आणि भिंगरी झोपेतही लोळून आईचं सगळं पांघरूण ओढून घ्यायची. आता पांघरूण जागेवर राहतं आणि त्यानेच तिला जाग येते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर झिंगल्यासारखी हिंडायची, पण रात्री डोळे सताड उघडे. महिन्याभरात बाई निम्मी झाली. कामावर जाताना एकदा रस्त्यात मध्येच थांबली, मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. आम्हाला भीती वाटायला लागली की आता तिचीही पाळी.

आणि एक दिवस ती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तोंडाला दोन गाठी मारलेली.

"ताई, तिचे कपडे आहेत. मला गोधडी करून दे. ती पांघरली ना, की मला झोप लागेल. नक्की लागेल." मग दारातून परत वळून म्हणाली, "पिशवी उघडी टाकू नकोस हं. वारा लागायला नको."

"वेडी का तू," ही म्हणाली, "मी काय कापड आज बघते आहे?"

धाकटी गेल्यावर हिने गाठी सोडल्या. निळा शर्ट, त्याची कॉलर मळलेली. रात्रीचा पायजमा. पिवळा स्वेटर, काखेत काळपटलेला. गळ्यात गुंडाळायचा रुमाल, त्याला केसांचं तेल लागलेलं. ही बघत राहिली आणि हिचे डोळे भरून आले.

"बघा हो," मला म्हणाली, "धुवायचंसुद्धा सुचलं नाही बिचारीला. हातच धजला नसेल."

मलाही तसंच वाटलं.

हिने त्या दिवशी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. प्रत्येक रंगाची वेगळी बादली, रंग जाऊ नये म्हणून पाण्यात मीठ. कॉलर ब्रशने घासली नाही, बोटांनी चोळली, लेकराची मान धुवावी तशी. डाग हटेना तेव्हा पुन्हा गरम पाणी, पुन्हा साबण. संध्याकाळी मी कामावरून आलो तर दोरीवर भिंगरीचे कपडे वाऱ्याने हात हलवत होते. मी तिकडे बघितलंच नाही, सरळ आत गेलो.

गोधडी काय झाली म्हणून सांगू! शर्टाचा खिसा तसाच खिसा ठेवला, बटणं जागच्या जागी, स्वेटर मधोमध. धाकटीचा रोज फोन. "झाली का गं? संध्याकाळ झाली की रात्र समोर दिसते." ही म्हणायची, "होईल गं राणी, घाईत टाका बिघडतो." आणि मान मोडेस्तोवर शिवत बसायची. मी चष्मा पुसून द्यायचो, तेवढंच माझं काम.

रविवारी दुपारी धाकटी न्यायला आली. हिने गोधडी तिच्या मांडीवर पसरली आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. धाकटीने नक्षी बघितलीच नाही. तिने गोधडीत तोंड खुपसलं. मोठा श्वास घेतला. मग स्वेटरचा तुकडा नाकाशी धरला. मग कॉलरचा. मग गोधडी भराभरा फिरवायला लागली, कोपरा, खिसा, कड, पुन्हा स्वेटर.

"ताई," ती म्हणाली, "तू धुतलेस?"

"अगं, म्हणजे काय! धुतल्याशिवाय कसं... रंग जातो, आटतं नंतर..."

"सगळे धुतलेस?"

"सगळे. दोनदा." हिचा आवाज बारीक झाला.

"धुतलेले तर कपाटभर पडलेत घरी," धाकटी म्हणाली. "ते कशाला दिले असते मी तुला? हे मळक्या कपड्यांच्या टोपलीतून वेचले होते. मी स्वतः एकदासुद्धा पिशवी उघडली नाही. वास संपेल म्हणून."

"मग मला बोलली का नाहीस गं!"

"हे काय सांगायचं असतं?"

ही स्वतःच्या हातांवर चापट्या मारायला लागली. मला संताप आला. कुणावर काढायचा तेच कळेना. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "घरी अजून काही असेल बघ. उशीचा अभ्रा वगैरे."

"अभ्रा, चादर सगळं शेजारणीने त्याच आठवड्यात धुऊन टाकलं," धाकटी म्हणाली. "तिलाही दया आली होती."

मग ती उठली. "पाणी कुठे ओतलंस?"

हिने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. धाकटी अंगणात गेली, धुण्याच्या दगडाशी वाकली, पाणी जायच्या जाळीवरून हात फिरवला. दगड कोरडा ठणठणीत होता.

"भाऊजी, हे पुढे कुठे जातं?"

जन्मभर लोकांना मी हेच समजावत आलो. पाणी कुठे जातं, कुठून जातं.

"आधी इथे, चेंबरमध्ये," मी पायाने झाकण दाखवत म्हणालो.

"उघडा."

"अगं, घाण आहे ती."

"उघडा ना, भाऊजी."

मी पहार आणली आणि झाकण उचललं. जो वास यायचा तो आला. मी तोंड फिरवलं, पण धाकटी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात काठावर टेकले आणि खाली वाकली. ही धावत आली आणि मागून तिची कंबर धरून तिच्याशेजारी बसली.

"येतोय का गं?" हिने विचारलं.

"नाही. थांब जरा."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासायला घेतली. पाइपातून पाणी धडधडत खाली आलं, चेंबरमधून वाहत पुढे निघून गेलं. धाकटीने दचकून माझ्याकडे बघितलं.

"भाऊजी, त्यांना सांगा ना, पाणी सोडू नका म्हणून. सगळं वाहून जाईल."

मी पहार भिंतीला टेकवली आणि वर सांगायला गेलो.