घाबरली होती म्हणून

डहाणूजवळच्या नरपडला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर महादेव राऊतांची चिकूची वाडी आहे. फार मोठी नाही, पण झाडं जुनी आणि भरवशाची. वाडीच्या मधोमध कौलारू घर, मागे गोठा. त्या घरात बोलायचं काम रियाच्या आईकडे होतं. महादेवला काय हवं ते ती रियाला सांगायची, रियाच्या मनात काय आहे ते महादेवला. बापलेक दोघंही अबोल, पण तिच्यामुळे कधी कुणाचं काही अडलं नाही. रिया सातवीत असताना तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती बाई गेली. मागे उरलेली दोन माणसं एकमेकांवर जीव टाकत, पण आतलं बाहेर कसं काढायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रानशेतची जमना वाडीत चिकू निवडायला यायची. आई गेल्यावर रियाची वेणी ती घालू लागली, आणि जे बापाला सांगता येत नाही ते रिया जमनाला सांगू लागली.

रिया दहावीत असताना गोठ्यातली म्हैस अडली. सकाळपासून कळा देत होती आणि रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. दुपारी डहाणूच्या दवाखान्यातून डॉक्टर आल्या. बाई पाहून महादेव जरा बिचकलाच. पण त्यांनी खांद्यापर्यंत हात धुतले, आणि रियाला शेपूट धरून उभं राहायला सांगितलं. बराच वेळ त्या डोळे मिटून आत चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "मान मागे वळलीय. सापडली." थोड्या वेळाने रेडकू पेंढ्यावर पडलं आणि शिंकलं. त्या दिवशी संध्याकाळी रियाने जमनाला सांगितलं की मला हेच करायचंय. जमना म्हणाली, मग कर की, कोण नको म्हणतोय.

खरंच कुणी नको म्हटलं नाही. दोन हजार चौदा साली रिया बारावी झाली. मार्क चांगले होते, पण मुंबईत परळच्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजला पुरतील इतके नव्हते. तिथल्या प्रतीक्षा यादीत तिचा नंबर अकरावा लागला. महादेवने एका ओळखीच्या मास्तरांच्या सांगण्यावरून राजस्थानातल्या एका खाजगी पशुवैद्यकीय कॉलेजातही अर्ज भरून ठेवला होता. तिथे जयपूरच्या पुढे कुठेतरी तिला सरळ प्रवेश मिळाला. दहा दिवसांत मूळ दाखले आणि पहिल्या वर्षाची फी घेऊन हजर व्हा, असं त्यांचं म्हणणं होतं. फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पट. शिवाय एकदा दाखले तिथे जमा केले की मुंबईला नंबर लागला तरी ते सहज परत मिळायचे नाहीत, असं मास्तरांनी बजावून सांगितलं. म्हणजे हातातलं धरायचं की थांबून बघायचं, ते आत्ताच ठरवायला हवं होतं.

जेवताना महादेव म्हणाला, "पैशाची बाब माझ्यावर सोड. तू ठरव."

रियाचं ठरलेलंच होतं. तिला जायचं होतं. त्या कॉलेजची चित्रं तिने मैत्रिणीच्या फोनवर इतक्या वेळा पाहिली होती की गुरांचा दवाखाना कुठे, वसतिगृह कुठे, सगळं तिला पाठ झालं होतं. तिथे उंटही होते. उंटाला हात लावायला मिळेल, हे तिने जमनाला हसत हसत सांगितलं होतं. पण बापाच्या तोंडून एकदा 'जा' ऐकावं, मग निघावं, असं तिला वाटत होतं. ते काही तो म्हणेना. 'तू ठरव' म्हणाला आणि भातात आमटी कालवत बसला.

मग ती त्याच्याकडे बघत राहिली. महादेव त्या दिवसांत कमी जेवत होता. संध्याकाळी वाडीच्या रस्त्याकडच्या तुकड्यात जाऊन उभा राहायचा. हा तुकडा विकायचं त्याने मनात आणलंय, हे रियाला बाजारात कुणाकडून तरी कळलं होतं. त्यातली झाडं आजोबांनी लावलेली. एकदा तो मध्येच म्हणाला, "तिकडे थंडी फार असते म्हणे." आणखी एकदा गोठ्यात धार काढताना, तिच्याकडे न बघता, त्याने विचारलं की तिकडची माणसं काय भाषा बोलतात. रियाला वाटलं, यांना मला पाठवायचं नाहीये. एकटा माणूस, मागे उरणार कोण, म्हैस आणि जमना. पण तोंडाने नाही म्हणायचा स्वभाव नाही, म्हणून असं आडून बोलतायत.

महादेवला दादा म्हणणाऱ्या जमनाने तिला सरळ सांगितलं, "बाय, दादाला विचार न एकदा. तोंडासमोर विचार."

रिया विचारायला गेली, पण तिने विचारलं ते वेगळंच. महादेव पडवीत बसून चिकूच्या पेट्यांना खिळे ठोकत होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "परळला नंबर लागला तर दर शनिवारी घरी येता येईल, बाबा. थांबून बघूया का?" ती त्याचा चेहरा पाहायला म्हणून असं बोलली होती. चेहरा पडला असता तर तिने लगेच म्हटलं असतं की नको, जातेच मी. पण महादेवचा चेहरा खुलला. कित्येक दिवसांत तो असा खुलला नव्हता. "तुला तसं वाटतं?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. "मग तसंच करू," तो म्हणाला, आणि हातोडी खाली ठेवून चहा मांडायला स्वतः उठला.

रिया गोठ्यामागे जाऊन रडली. जमना तिच्याजवळ बसून राहिली.

दहा दिवस निघून गेले. पुढे ऑगस्टमध्ये मुंबईची यादी हलली. आठव्या नंबरपर्यंत आली. मग नवव्याला बोलावणं गेलं. रिया रोज स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बघायची. यादी तिथेच थांबली. पुढे एक दिवस प्रवेश बंद झाल्याची सूचना लागली. रियाने घरी येऊन ते सांगितलं. महादेवने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुढच्या वर्षी बघू, एवढंच म्हणाला. त्या वर्षापुरतं तिने डहाणूच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं.

पुढचं वर्षही हातून गेलं. पुन्हा द्यायची प्रवेश परीक्षा तोंडावर असताना महादेव शिडीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. रिया दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून होती. परीक्षा तिने दिली, पण मार्क इतके घसरले की कोणत्याच यादीत नाव आलं नाही. खाजगी कॉलेजचं पुन्हा काढावं असं महादेव एकदा म्हणाला. वॉकर धरून उभा होता तेव्हा. रियाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही.

बी.एस्सी. झाल्यावर तिला तलासरीत जनावरांच्या औषधांच्या दुकानात नोकरी मिळाली. रोज डहाणूहून बसने जायची, संध्याकाळी परतायची. काम वाईट नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध काढून द्यायचं, किती आणि कधी पाजायचं ते समजावून सांगायचं. गिऱ्हाइकांत बायका पुष्कळ असत. त्या रियाशी जास्त बोलत. आपल्या शेळीला काय होतंय, गाय कशी चारा टाकतेय, ते सगळं सांगून शेवटी विचारत की तुम्ही येता का बघायला. रिया म्हणायची, मी डॉक्टर नाही हो. सुरुवातीला हे म्हणताना ती खाली बघून बिल लिहायला घ्यायची. पुढे पुढे समोर बघून म्हणू लागली.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर त्या भागात जमीन हादरू लागली. भांडी वाजायची, भिंतींना चिरा पडायच्या. लोक घरं सोडून अंगणात झोपू लागले, शाळा झाडाखाली भरू लागल्या. गुरंही गोठ्यात राहीनात. बिथरून दावी तोडत. डहाणूला धक्के त्या मानाने कमी जाणवत, पण रिया दिवसभर तलासरीत असते म्हणून महादेवचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तो रोज दुपारी फोन करायचा आणि जेवलीस का विचारून ठेवून द्यायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी मोठा धक्का बसला. दुकानाच्या फळीवरच्या बाटल्या खाली आल्या. रिया आणि मालक बाहेर पळाले. फोन लागत नव्हते. तासा-दीड तासाने एक इको गाडी दुकानापुढे थांबली आणि तिच्यातून महादेव उतरला, काठी टेकत, लंगडत, पायात घरातल्याच चपला. रिया समोर धडधाकट दिसताच तो थांबला. तिचा हात धरून दुकानासमोरच्या चिंचेखाली बाकावर बसला. तिथला चहावाला बाहेरच चूल मांडून बसला होता. त्याने दोघांना चहा दिला.

तेवढ्यात जवळच्याच झरी गावचा बाबल्या धावत आला. त्याचं एक-दोनदा दुकानात येणं झालं होतं. त्याची गाभण गाय धक्क्याने उधळली, दगडी बांधावरून खाली पडली आणि आता उठत नव्हती. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. "ताई, तुम्ही चला," तो म्हणाला. "नुसतं बघा तरी."

"मी डॉक्टर नाही, भाऊ," रिया म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली. मग तिने डॉक्टरांचा दुसरा नंबर शोधला, तिसऱ्या खेपेला फोन लागला, आणि त्यांनी तासाभरात पोचतो असं सांगितलं. बाबल्या तसाच धावत परत गेला.

महादेव त्याच्या पाठीकडे बघत राहिला. चहा त्याच्या हातात निवून गेला.

"मी तुला तेव्हा पाठवायला हवं होतं," तो म्हणाला.

रियाने आपला चहा बाकावर ठेवला.

"माझं सगळं ठरलं होतं," महादेव सांगू लागला. एवढं सलग बोलताना रियाने त्याला कधी ऐकलं नव्हतं. चिकूची गाडी घेऊन जयपूरला जाणारा एक ड्रायव्हर होता, त्याच्याशी त्याने बोलून ठेवलं होतं. पहिल्या वेळी ट्रंक, गादी, सगळं त्या गाडीतून जाणार होतं. मग दर दोन महिन्यांनी महादेव त्याच्या शेजारी बसून जाणार होता. ड्रायव्हर म्हणाला होता, तुमचीच फळं आहेत, बसा की. थंडी किती असते ते त्यालाच विचारलं होतं, किती जाड गोधडी द्यावी म्हणून. रस्त्याकडच्या तुकड्याचंही बोलणं पक्कं झालं होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आजोबांनी झाडं लावली ती उपयोगाला यावीत म्हणूनच ना.

"मग बोलला का नाहीत?" रियाने विचारलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

"तुझ्या तोंडून 'जाते' असं येईना. मला वाटलं, पोर घाबरलीय. आईविना वाढलेली, घर कधी सोडलेलं नाही. तिला आपण ढकलून कसं द्यायचं? तू परळचं म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हिने हिच्यापुरता मार्ग काढला." तो थांबला. "पण मनात राहून गेलं. तू खरंच घाबरली होतीस? की तुला जायचं होतं आणि मीच मध्ये आलो?"

समोर दुकानाचा मालक फुटलेल्या बाटल्या झाडून काढत होता. औषधांचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता. रियाने बापाकडे बघितलं. तो साठीला आला होता. पडल्यापासून एका बाजूला झुकून बसायची त्याला सवय लागली होती. त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. आई असती तर तिने दोघांच्या मधला हा गुंता पाच मिनिटांत सोडवला असता, तेव्हाच, पडवीतच. आता सोडवून उपयोग काय होता? खरं सांगितलं असतं तर तिचं मन हलकं झालं असतं, पण हा माणूस ते घेऊन उरलेली वर्षं कशी काढणार होता?

"घाबरले होते, बाबा," ती म्हणाली. "खूप घाबरले होते. तुम्ही पाठवलं असतं ना, तरी मी महिन्याभरात परत आले असते."

महादेवने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. मग त्याने गार चहा एका घोटात संपवला, आणि बस मिळेल का ते बघायला काठी टेकत रस्त्याकडे निघाला.

त्या दिवसानंतर महादेव बदलला. जवळपास चार वर्षं जो विषय त्या घरात कुणी काढला नव्हता, तो आता त्याच्या तोंडी सहज येऊ लागला. दुसऱ्याच सकाळी चिकू निवडताना त्याने जमनाला सांगितलं की आमची रिया तेव्हा लांब जायला घाबरली होती, झालं ते बरंच झालं. जमनाने हातातला चिकू तसाच धरून रियाकडे पाहिलं. काही बोलू नको, अशी रियाने मान हलवली. जमना खाली बघून पुन्हा निवडायला लागली, लहान फळं एका टोपलीत, मोठी दुसरीत.

मे महिन्यात मुंबईहून पाहुणे आले. जेवणं झाल्यावर कुणीतरी रियाला विचारलं, तुला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं ना गं? महादेवच उत्तरला. "राजस्थानात नंबर लागला होता तिचा," तो कौतुकाने म्हणाला, "पण घाबरली. माझ्यापासून लांब जाईना." पाहुणे हसले. पाहुण्यांतल्या एका बाईने रियाच्या गालाला हात लावला. रियाही हसली, आणि ताटं उचलून आत गेली.