पलीकडच्या काठावरची सहा बटणं

मित्रांनो, मी जुना ठोकळा आहे. वर्गात एखाद्याला म्हणतात तसा नव्हे, खरोखरचा. रंग करडा, लांबी तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी, डोक्यावर दोन रांगांत आठ बटणं आणि पोट पोकळ. दुसऱ्या ठोकळ्याची बटणं त्या पोकळीत बसली की ‘टक्’ असा आवाज होतो. आम्हा ठोकळ्यांचं सगळं बोलणं एवढ्या एका आवाजात आटपतं. आजवर मी तो काही हजार वेळा केला असेन. गेली चार वर्षं मात्र मी गप्प आहे, आणि त्याला कारण माझा स्वभाव नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लॅस्टिक ओतलं, साचा उघडला, मी बाहेर पडलो. त्याच मिनिटाला माझी दोनशे भावंडंही पडली, त्यामुळे लाड असे कुणाचेच झाले नाहीत. आम्हाला एका खोक्यात भरलं. खोक्यावर आगीच्या बंबाचं चित्र होतं. मी त्या बंबाची मागची पायरी होतो. ते खोकं एका दातांच्या डॉक्टरांनी आपल्या लहान मुलीसाठी आणलं. तिनं पहिल्याच दिवशी मला चावून पाहिलं. माझ्या कोपऱ्यावर अजून तिच्या दाताचा व्रण आहे. दातांच्या डॉक्टरांच्या घरी राहायचं म्हणजे एवढं चालायचंच.

मुलगी मोठी झाली, शिकायला दुसऱ्या शहरात गेली, आणि आम्ही पलंगाखालच्या खणात गेलो. तिथे अकरा वर्षं काढली. सोबतीला एक संपलेली बॅटरी आणि एक पायमोजा. त्या काळाबद्दल माझी काही तक्रार नाही. विसरणं आणि फसवणं यांत फरक असतो, हे मला पुढे कळलं.

एके दिवशी डॉक्टरांना काहीतरी दुसरंच शोधताना आम्ही सापडलो. ते जमिनीवर बसले आणि त्यांनी आमचा एक छोटा रणगाडा केला. मग उठलेच नाहीत. पुढच्या महिन्यात दवाखान्याची मागची खोली रिकामी झाली, तिथे आठ फुटी टेबल आलं, ठोकळ्यांची नवी खोकी आली, आणि डॉक्टर लढाया बांधू लागले.

त्यांची कामाची पद्धत निराळी होती. रोग्याला हिरडीत सुई टोचली की दाढ सुन्न व्हायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात ते मागच्या खोलीत येत आणि दातांच्या चिमट्यानं आम्हाला बसवत. एका दाढेमागे सरासरी बारा ठोकळे पडत. एका गृहस्थांच्या दाढेत मात्र अख्खा बुरूज उभा राहिला. ते बाहेर तोंड उघडं ठेवून पंचवीस मिनिटं बसले होते. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर फार विचार करून दात काढतात.

त्या वर्षांत मी किल्ल्याची भिंत झालो, आणि पुढच्या आठवड्यात तीच भिंत पाडणारी तोफ झालो. खंदक झालो, टेकडी झालो, जहाजाचं शिड धरणारा खांब झालो. मी प्रत्येक लढाईत दोन्ही बाजूंनी लढलो आहे आणि प्रत्येक लढाईनंतर सुटा झालो आहे. मित्रांनो, सुटं होणं ही आमची हार नसते. सुटं होतो म्हणूनच पुढचं काही होता येतं.

डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीला घरात सगळे ताई म्हणत. त्या इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. त्या नकाशे आणत, जुन्या नोंदी वाचत आणि बांधकाम तपासत. एकदा डॉक्टरांनी घोडदळ चुकीच्या बाजूला उभं केलं, तर ताईंनी त्यांना सगळे घोडे उचलायला लावले आणि म्हणाल्या, की आता पुन्हा लाव, शुद्धलेखन समजून. त्यांनीच भिंतीवर तीन नियम लिहून लावले होते. कापायचं नाही. रंगवायचं नाही. चिकटवायचं नाही. तिसऱ्या नियमाखाली दोन रेघा होत्या.

मग नदीवरच्या पुलाची लढाई आली. ती त्यांच्या बाबांची लढाई होती.

बाबा तरुणपणी सैन्यात सुरुंग लावायच्या कामावर होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यापुढे कुणाला काही ठाऊक नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, पूल होता, उडवला, झालं. त्या दिवशी ते दाढ दाखवायला आले होते. सुई टोचून झाली आणि डॉक्टर त्यांना पूल दाखवायला आत घेऊन आले. बाबा बराच वेळ पाहत उभे राहिले. मग सुन्न झालेल्या अर्ध्या तोंडानं, शब्द सांडत, त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. तुकडी मागे फिरली तेव्हा तिघं जण पलीकडच्या काठावर राहिले होते. ते हात हलवत होते. साहेबांचा हुकूम आला, आणि यंत्राचा दांडा दाबणारा हात बाबांचा होता.

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. ताईंनी लाल पेन बंद केलं. बाबा म्हणाले, “बांधताय ना? मग तिघांना उभं करा. दुसरीकडे कुठे ते नाहीत.”

ताईंनी नंतर नोंदी पाहिल्या. त्यांत लिहिलं होतं, सर्वजण सुखरूप परतले.

तिघांना बाबांनी स्वतः निवडलं. आमच्यात सैनिक जन्माला येत नाहीत. खोक्यांतून निघतात ते पाववाले, पोस्टमन आणि बंबवाले, त्यांनाच शिरस्त्राण घालून लढाईला पाठवावं लागतं. हे खऱ्या लढायांतही असंच असतं, असं बाबा म्हणाले. तिघांपैकी एकाचा चेहरा हसरा होता. ताईंच्या मते तो प्रसंगाला शोभत नव्हता. बाबा म्हणाले, “राहू दे. तो तसाच होता.”

पलीकडचा काठ बिनबटणांच्या गुळगुळीत फरश्यांचा केला होता, वाळूसारखा दिसावा म्हणून. फरशीवर माणूस उभा राहत नाही, त्याच्या पायांना बटणं लागतात. म्हणून तीन ठोकळ्यांची दोन-दोन बटणं उघडी ठेवली. त्या तीन ठोकळ्यांतला एक मी. बाबांनी हसऱ्याला माझ्यावर ठेवलं आणि दाबलं. टक्. मी पायरी झालो होतो, बुरूज झालो होतो, पण कुणाला उभं राहायला जागा द्यायची म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर बाबा दर मंगळवारी येत. दाढ केव्हाच बरी झाली होती. ते खुर्ची ओढून पलीकडच्या काठासमोर बसत आणि तासाभरानं उठून जात.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? कौतुकात बिघडलं. लष्करी संग्रहालयाचे एक अधिकारी दात साफ करून घ्यायला आले आणि मागच्या खोलीत डोकावले. आठवडाभरात पत्र आलं. पुलाचा देखावा नव्या दालनाच्या दारातच, काचेच्या पेटीत मांडायचा, खाली डॉक्टरांचं नाव. अटी दोनच होत्या. लॉरीतून हलवताना पडझड होऊ नये म्हणून सगळं चिकटवावं. आणि नोंदीत नसलेले पलीकडचे तिघे काढावेत.

ताई म्हणाल्या की तिघांशिवाय तो नुसता पूल आहे, आणि पूल त्यांच्याकडे फोटोतही असेल. डॉक्टर म्हणाले की मी कुठे हो म्हटलंय. ताईंनी त्यांच्याकडे, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. तेव्हा डॉक्टरांनी शब्द दिला, “ताई, तुला विचारल्याशिवाय एक ठोकळा हलणार नाही.”

मी तो शब्द टेबलावरून ऐकला, आणि त्यावर विसंबलो. आमच्याकडे एकदा टक् झालं की ते धरलेलं असतं. माणसांचंही तसंच असेल, असं मला वाटलं.

रविवारी दवाखाना बंद असतो. ताई बाबांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या होत्या. दुपारी डॉक्टर एकटे आले. दातांत भरायचं सिमेंट आणि निळा दिवा घेऊन आले. हे सिमेंट पातळ असतं, आणि त्यावर निळा दिवा धरला की वीस सेकंदांत दगड होतो. त्यांनी आधी तिघांना उपटलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मग प्रत्येक फटीत सिमेंट सोडलं आणि दिवा धरला. कामात हयगय म्हणून नाही. एकेका ठोकळ्याला त्यांनी किडलेल्या दाताइतकं जपलं. संध्याकाळपर्यंत आम्ही चार हजार जण एकाच तुकड्यात जमा झालो. मी पुन्हा कधी भिंत होणार नव्हतो, तोफ होणार नव्हतो, कुणाच्या बंबाची पायरी होणार नव्हतो.

काम संपल्यावर त्यांचं लक्ष पलीकडच्या काठाकडे गेलं. गुळगुळीत वाळूत सहा बटणं उघडी होती. तीन माणसांच्या पावलांची. फरश्या आधी बसवायच्या आणि मग सिमेंट लावायचं, एवढी साधी गोष्ट ते विसरले होते. तीस वर्षांत त्यांनी कुणाचीही दाढ भरताना अशी चूक केली नव्हती. त्यांनी फरशी आणून दाबली, पण बटणांवर सिमेंटचा थर वाळला होता. ती बसेना. मग बटणं घासून टाकायला दात कोरायचं यंत्र उचललं. ते माझ्या डोक्याशी आणलं, सुरू केलं, आणि भिंतीवरच्या पहिल्या नियमाकडे पाहून बंद केलं. एका दिवसात किती नियम मोडायचे, याचीही माणसाला भीड असते. शेवटी त्यांनी आमच्यावर एक हिरवं झुडूप टेकवलं आणि दिवा घालवला.

सोमवारी ताई आल्या तेव्हा, हे मला नंतर डॉक्टरांच्या तोंडून कळलं, टेबल रिकामं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की संग्रहालयाच्या लोकांना घाई होती, ते सकाळीच घेऊन गेले. तिघांबद्दल ताईंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. झुडूप लॉरीतच गळून पडलं. संग्रहालयात ते कुणीतरी केरात झाडलं.

उद्घाटनाच्या दिवशी फोटोसाठी पेटीची काच काढून ठेवली होती. डॉक्टर नव्या कोटात होते. अधिकाऱ्यांनी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं. सिमेंटमध्ये अडकलेला मी ते ऐकत होतो, आणि तो शब्द मला फार अचूक वाटला. मग ताई बाबांना हाताला धरून घेऊन आल्या. बाबांनी नवा चष्मा लावला होता. ते सरळ पलीकडच्या काठाकडे आले आणि वाकले.

“तिघं कुठायत?”

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “बाबा, दुसरा इलाज नव्हता.”

बाबा वाकलेलेच राहिले. म्हणाले, “साहेबही हेच म्हणाले होते. ह्याच शब्दांत.”

मग त्यांनी मान न वळवता डॉक्टरांपुढे हात केला. डॉक्टरांनी खिशात हात घातला. तिघं नव्या कोटातही त्यांच्यासोबत आले होते. ते त्यांना टाकवलेही नव्हते आणि परत ठेवताही आले नव्हते. बाबांनी हसऱ्याला घेतलं, माझ्यावर ठेवलं आणि दाबलं.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण माझ्या बटणांवर सिमेंट होतं. टक् झालं नाही. हसरा कलंडला आणि नदीत पडला. बाबांनी त्याला उचलून पुन्हा ठेवलं. तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ताईंनी त्यांचा हात धरला. बाबांनी तिघांना शर्टाच्या खिशात घातलं आणि काठी टेकत निघून गेले. ताई जाताना भावाला एवढंच म्हणाल्या, “मला विचारणार होतास.” त्या पुन्हा दवाखान्यात आल्या नाहीत, हे मला डॉक्टरांकडूनच कळलं. ते अधूनमधून एकटेच येतात, पेटीवरचं आपलं नाव न वाचता पलीकडच्या काठाकडे बघत उभे राहतात आणि काचेला कपाळ लावून पुटपुटतात. बाबाही पुन्हा आले नाहीत. त्या दिवशी त्यांना फसवणाऱ्यांत डॉक्टर होते, नोंद लिहिणारे होते, आणि मीही होतो. मला फसवलं गेलं म्हणून मी त्यांना फसवलं. हे कारण खरं आहे, पण त्यानं काही उभं राहत नाही.

अशी हकीकत संपवताना वस्तूनं काही मागायचं असतं. छत्री म्हणते मला विसरू नका, पुस्तक म्हणतं पानं दुमडू नका. माझ्यावर धूळ बसत नाही, काच आहे. ऊन लागत नाही, पडदा आहे. माझी काळजी इतकी चोख घेतली जाते की मागायला काही उरलेलं नाही. म्हणून दुसऱ्यांसाठी मागतो. काहीही बांधाल ते उद्या सोडवता येईल असं बांधा. आपण चुकलो हे कळायला कधी कधी एक रात्र जावी लागते, आणि सिमेंटला वीस सेकंद पुरतात.

आणि शाळेच्या सहलीबरोबर या संग्रहालयात आलात, तर पाटीवरचं ‘सर्वजण सुखरूप परतले’ वाचून पुढे जाऊ नका. पुलापलीकडे वाळूत दोन-दोन करून सहा बटणं दिसतील. शेजारी जो कुणी मोठा माणूस उभा असेल त्याला विचारा, की इथे कोण उभं होतं. त्याला माहीत नसेल. तरी विचारा.