देवघरातलं भिंग

मित्रांनो, मी काचेचा एक जुना मणी आहे. आकाराने मोहरीएवढा, त्यामुळे माझी हकिकतही लांबलचक नाही.

माझा जन्म बऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतला. तेव्हा देशात संस्थानं विलीन होत होती आणि शाळेतले लीलाधर मास्तर घरी स्पिरिटच्या दिव्यावर काच वितळवत होते. संस्थानं लवकर वितळली. काच हट्टी निघाली. मास्तर काचेच्या तापलेल्या कांडीतून केसासारखा धागा ओढत आणि त्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरत. टोक आपोआप गोल होई. माझे बरेचसे भाऊ पोटात बुडबुडा घेऊन जन्मले आणि केरात गेले. मी स्वच्छ निघालो. मास्तरांनी मला पितळी पट्टीच्या छिद्रात बसवलं. भिंग जितकं इवलं तितकी वस्तू मोठी दिसते, हे त्यांचं म्हणणं मी खरं केलं.

माझ्यातून एका वेळी एकच डोळा बघू शकतो, तोही पापणी टेकेल इतक्या जवळून. तरी रांग लागे. शाहपूरचे केळीवाले कौतिक पाटील तापीच्या पाण्याचा थेंब बघून मागेच सरले.

"मास्तर, हेच पानी आपन पेतो?"

"हेच."

"मंग मले चहाच सांगा!"

"चहाबी त्याच पाण्याचा आहे, भाऊ," मास्तरांच्या पत्नी मंगलाबाई चुलीपासून म्हणाल्या.

पुढे नागपूरच्या एका प्रयोगशाळेतले साहेब मला बघायला आले. मी पसंत पडलो, तर मास्तरांना तिथे भिंगं घडवायचं काम मिळणार होतं. दिवस नेमका खंडेनवमीचा. मंगलाबाईंनी सकाळीच घरातली हत्यारं पुजली होती: विळी, कात्री आणि मी. नवऱ्याचं हत्यार म्हणून मला तेलात कालवलेलं कुंकू सगळ्यांत जास्त मिळालं.

साहेबांनी डोळा लावला. "सगळं लालच आहे."

मास्तरांनी पुसायला धोतराचा सोगा पुढे केला.

"अहो, पुजलेलं आहे ते! दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही," मंगलाबाई कळवळून म्हणाल्या. "तुमच्या कामासाठीच तर हात जोडले मी."

सोगा थांबला. साहेबांची गाडी दुपारची होती. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा झाला. मास्तरांनी मला पुसलं नाही, स्पिरिटचा दिवाही पुन्हा पेटवला नाही. मी देवघरातच राहिलो. देवाला बघायला सगळे येतात. देवातून बघायला कोणी येत नाही. शेजारी बाळकृष्ण आहे, पण तो रांगण्यात गुंतलेला.

बऱ्याच वर्षांनी देव घासताना मंगलाबाईंनी मला तळहातावर घेतलं.

"अहो, यातून मी कधी बघितलंच नाही."

"तू म्हणाली नाहीस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बोलावलं नाहीत."

 मंगलाबाईंनी मला जागेवर ठेवलं आणि सवयीने कुंकवाचं ताजं बोट टेकवलं.

मित्रांनो, वस्तूंना कुंकू जरूर लावा. पण आधी मऊ फडक्याने पुसा, त्यांच्याकडून काम घ्या आणि घरच्या माणसाला पहिलं बोलवा. मी कुंकवाखाली अजून स्वच्छ आहे. एक डोळा पुरेल.