राई आवळत गेली तेव्हा

मथुराने मन लावून एक प्रदक्षिणा पुरी केली की देवराई थोडी आवळायची. झाडं बारीक होत नव्हती. ऐन, किंजळ, सातवीण होते तेवढेच उंच राहायचे. फक्त एकमेकांच्या जवळ सरकायचे.

सोमवारी सकाळी तिचा नवरा जयराम वाघजाईला पाणी घालायला कळशी घेऊन राईत शिरला आणि त्याच्यामागे वाट मिटली. बुंध्यांमधून बोटही आत जाईना. माणसं कोयते घेऊन आली, काठाशी उभी राहिली आणि कोयते घेऊनच परत गेली. भिकाजी गुरव तेवढा थांबला.

"राईवर कोयता चालत नाही, वहिनी," तो म्हणाला. "प्रदक्षिणा चालते."

मथुराने वहाणा काढल्या. उजव्या पावलाला 'वाघजाई', डाव्या पावलाला 'माऊली'. ती कुणाशी बोलत नव्हती, कुठे बघत नव्हती. पहिल्याच फेरीला दुपार झाली. ओढ्याच्या अंगाला आल्यावर आतून जयरामचा आवाज आला.

"कोण चालतंय?"

"मी."

"बरं झालं. चालत राहा."

ऐकून तिला इतका आनंद झाला की पुढची दहा पावलं नाव राहून गेलं. राई तेवढीच मागे पसरली. मथुराच्या लक्षात आलं. नवऱ्याचा विचार आला की नवरा लांब जात होता.

मंगळवारी त्याने काय खाल्लं असेल हे मनात आलं आणि सकाळभराची चाल फुकट गेली. बुधवारी तिच्या टाचेत काटा मोडला. दुखणं तिने टाचेतच राहू दिलं, नावापर्यंत येऊ दिलं नाही. त्या दिवशी राई भराभर आवळली. गुरुवारी फेरी भात शिजायच्या आत होऊ लागली.

"अहो, कसे आहात?" तिने विचारलं.

"हात पसरता येत नाहीत आता."

भिकाजी धावत आला. "थांबा, वहिनी. आत माणूस चिरडेल."

"थांबले तर?"

"राई पसरेल पुन्हा."

"म्हणजे हे आतच राहणार."

"जिवंत तर राहील."

मथुरा एका पायावर थांबली. "अहो, थांबू का?"

आतून पानं चुरगळल्याचा आवाज आला.

"कुशीवर झालोय," जयराम म्हणाला. "चाल."

तिने पाऊल टेकवलं. भिकाजीला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घरी जा. तुमची भीती माझ्या नावात मिसळते." भिकाजी घरी गेला नाही. बांधावर जाऊन पाठ फिरवून बसला.

त्यानंतर तिने जयरामला मनातून एकेक करून बाजूला ठेवलं. आधी त्याचं चालणं गेलं. मग चेहरा, मग खोकला. शुक्रवारी सकाळी त्याचं नावही गेलं. जाताना तिला कळलं. पावलं मात्र तिने चुकू दिली नाहीत. आपण कुणासाठी तरी चालतोय एवढंच उरलं होतं. ऊन चढलं तसं तेही गेलं. उजवं पाऊल, वाघजाई. डावं पाऊल, माऊली.

आतून आता आवाज येत नव्हता. बुंधे बुंध्यांना भिडले, साली एकमेकींत शिरल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या राईचा एकच बुंधा झाला. वर मात्र सगळ्यांची पानं होती. तेवढी सावली एका खोडावर तोलून धरल्यासारखी हलत होती. फेरी सात पावलांची झाली, मग पाचाची. पुढे चालायला जागा उरेना, तेव्हा मथुराने छाती सालीला लावली, दोन्ही हात खोडाभोवती घातले आणि तशीच कडेकडेने सरकू लागली.

हात पलीकडे पोचत नव्हते. पलीकडून कुणाची तरी ओली बोटं आली आणि त्यांनी तिची बोटं धरली.

"कोण?" तिने विचारलं.

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. हात सुटू नयेत म्हणून दोघांनाही एकाच वेळी पाऊल उचलावं लागलं.