भिंतसरडा कोणाला दिसला?

चूक माझीच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही न बघता वळण घेतलं नाही, आणि त्या शनिवारी मात्र आधी फासे फेकले आणि मग विचार केला.

आम्ही चौघं वॉसॉ गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जमतो. खेळ कागद, फासे आणि कल्पनेचा. तो मी चालवतो, म्हणजे गुहा माझ्या, राक्षस माझे, शिव्याही मलाच. बाकी तिघं एकेक पात्र घेऊन माझ्या गुहांमधून हिंडतात. डॅरेल पेल्की सुतार आहे, खेळात जादूगार. माई शिओंग औषधांच्या दुकानात काम करते, खेळात ती तिरंदाज. आणि व्हर्ना हॉगस्टॅड, वय चौऱ्याहत्तर, तिचा बुटका कुऱ्हाडवाला ओडर. ओडर चौदा वर्षांचा आहे. म्हणजे व्हर्ना त्याला चौदा वर्षं खेळवते आहे, आणि चौदा वर्षं तो त्याच्या पूर्वजांच्या डोंगराचा दरवाजा शोधतो आहे.

दरवाजा आता दोनच दालनांवर होता. आणि व्हर्नाचे आमच्याबरोबर तीनच शनिवार उरले होते. मग ती मुलीकडे दूर टूसॉन शहरात जाणार, कायमची. म्हणून तर मी घाई करत होतो.

त्या दालनात मी भिंतसरडा ठेवला होता. हा प्राणी दगडी भिंतीला चिकटला की भिंतच होतो. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं : तो लपलेला असताना ज्याला दिसत नाही, त्याच्यावर हल्ला करताना दोन फासे टाकावेत आणि मोठा आकडा धरावा. एरवी एकच फासा, आणि आमच्याकडे तो नेहमी लाल.

भिंतसरडा ओडरवर झेपावला. मी वीस बाजूंचे लाल आणि काळा दोन्ही फासे एकदम फेकले.

लाल चार. काळा वीस.

चार म्हणजे पंजा हवेत. वीस म्हणजे दुप्पट घाव, आणि ओडरच्या अंगात नऊच प्राण उरलेले. आमच्याकडे मेलेल्याला उठवत नाहीत. मेला की त्याची माहिती लिहिलेला कागद फाडायचा.

"थांब थांब," माई म्हणाली. "काळा कशाला टाकलास? तो लपलेला कुठे होता? मागच्या पाळीला मी त्याला ओळखलं. ओरडून सांगितलं. बोट दाखवलं!"

"तुला दिसला," डॅरेल म्हणाला. "ओडरला कुठे दिसला?"

"अरे, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी फक्त विचारतोय गं!"

मी नियम पुन्हा वाचला. 'ज्याला दिसत नाही.' माईला दिसत होता. ओडरला तिने सांगितलं होतं. पण सांगितलेलं म्हणजे दिसलेलं का? मला एखाद्याने सांगितलं की त्या झाडात घुबड आहे, तर मी पाच मिनिटं मान वाकडी करतो आणि मला फांद्याच दिसतात. पण मग घुबड माझ्यापासून लपलेलं आहे, की मीच आंधळा आहे? चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं लाल, दुसऱ्यांदा काळा, तिसऱ्यांदा पुन्हा लाल. चौथ्यांदा अक्षरंच नाचायला लागली.

आकडे कोणी बघितले नसते तर कसाही निकाल दिला असता. आता निकाल म्हणजे सरळ ओडरचा जीव होता.

आमच्या टेबलाची एक जुनी रीत आहे. नियमावरून भांडण झालं की ज्याचं नुकसान व्हायचं, त्याने राक्षसाची बाजू मांडायची, आणि जो राक्षसाच्या बाजूने बोलला त्याने पात्राची. रडारड बंद व्हावी म्हणून मीच ती रीत पाडली होती, डॅरेलला वैतागून. म्हणजे आता ओडर का मरावा हे व्हर्नाने सांगायचं होतं, आणि तो का वाचावा हे डॅरेलने.

"या वेळी राहू दे ना ती रीत," मी म्हणालो.

"का?" व्हर्नाने लिंबाच्या वडीचा डबा बाजूला सारला. "मी म्हातारी झाले म्हणून? डॅरेल, तू आधी बोल."

डॅरेल बोलला. न बोलता तर बरं झालं असतं. "म्हणजे... बोट दाखवलं ना. बोट दाखवलं की माणूस बघतोच. आणि, म्हणजे, ओडर किती चांगला आहे."

"हा मुद्दा झाला?" माईने कपाळाला हात लावला.

मग व्हर्ना बोलली. "माई ओडरच्या मागे उभी होती. तिने दाखवलेलं बोट बघायला ओडरने मागे वळायला हवं. तो वळला असं मी म्हणाले का? नाही. मी म्हणाले, तो पुढे चालतो. तिची हाक त्याने ऐकली, म्हणजे इथे काहीतरी आहे एवढं त्याला कळलं. कुठे आहे ते कळलं नाही. पुढे काय होतं? भिंत. आणि भिंतीसारखा दिसणारा प्राणी. लाईल, त्याला भिंतच दिसली."

मी माईकडे बघितलं, तिने मान खाली घातली. इकडे आड, तिकडे विहीर. लाल म्हणालो असतो तर व्हर्नाला कळलं असतं की मी तिची कीव केली, आणि तिने मला कधीच माफ केलं नसतं.

"काळा," मी म्हणालो.

व्हर्नाने कागद फाडला. घाई केली नाही. चौदा वर्षांच्या खाडाखोडीने तो इतका मऊ झाला होता की फाटताना आवाजही झाला नाही. माई डोळे पुसायला लागली. "आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस," डॅरेल पुटपुटला.

"मग तू नीट बोलायचंस ना, ठोंब्या!" माई त्याच्यावर ओरडली.

ज्याचं पात्र मेलं, तो उरलेली दुपार माझ्या शेजारी बसून राक्षसांचे फासे टाकतो. व्हर्ना आली, बसली, भिंतसरड्याचा कागद हातात घेतला. पुढची बाजू वाचली, मग मागची. बराच वेळ मागची.

"काय लिहिलंय?" माईने विचारलं.

"शेपटी किती लांब ते. चला, पाळी कोणाची?"

घरी आल्यावर बूटही न काढता मी तो कागद उलटा केला. मागे तीन ओळी होत्या, मी कधी बघितल्याच नव्हत्या. शेवटची अशी : एकाने त्याला ओळखून इतरांना दाखवलं, की तो कोणासाठीच लपलेला राहत नाही.

लाल होता. चार होता. लाजेने माझी मान खाली गेली. मी तिला तसाच फोन लावला.

"व्हर्ना, मागच्या बाजूला..."

"वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस? पुढच्या शनिवारी उठवतो त्याला. चूक माझी, सगळ्यांसमोर सांगतो. दरवाजा दोन दालनांवर आहे गं!"

"नको."

"अगं पण का? मला काहीच कळत नाहीये."

"दरवाजा उघडला असता, आणि मग मी टूसॉनला गेले असते. ओडर तुझ्याकडे राहिला असता. आपल्या टेबलावरचा पीट गेला तेव्हा त्याचा घोडेस्वार तू चालवायला घेतलास, आठवतं? दोन महिन्यांत त्याला विनोद सांगायला लावलेस. ओडर चौदा वर्षांत चाळीस शब्द बोलला नसेल, लाईल."

"मी त्याला बोलू दिलं नसतं."

"दिलं असतंस," ती म्हणाली. "तुला शांतता सहन होत नाही."

मला यावर काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी फोन कानाला धरून, बूट घातलेलाच, स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि पहिल्यांदाच काही बोललो नाही. तीही बोलली नाही. कितीतरी वेळ आम्ही दोघंही तसेच होतो.