टोबीला आलेलं उत्तर

चूक माझीच. त्या दिवसांत आमच्या खासदार हॉलिस ब्रँट यांच्या कचेरीतले तिन्ही फोन सकाळी नऊपासून नुसते केकाटत होते. राष्ट्राध्यक्ष सभागृहाला न विचारताच समुद्रापलीकडच्या एका देशावर स्वतःहून हल्ला करणार, अशी कुणकुण लागली होती. आमच्या ओहायोच्या या कोपऱ्यातली माणसं एरवी पेन्शन अडल्याशिवाय फोन करत नाहीत. ती सगळी एकच सांगत होती: गुरुवारी युद्ध थांबवायच्या ठरावावर मतदान आहे, ब्रँटना म्हणावं, बाजूने मत द्या. ब्रँटसाहेब कुंपणावर बसले होते. मी म्हटलं, निदान लोकांना उत्तर तरी जाऊ दे. युद्धाला विरोध कळवलेल्यांची संगणकातली यादी काढली, ठरलेलं पत्र जोडलं, बटण दाबलं आणि छापलेली पत्रं टपालात टाकली. यादी किती जुनी आहे, ते बघितलंच नाही.

मंगळवारी नोरीन कॅझमारेक आली. तीस वर्षं तिने पिवळी शाळेची बस चालवली. अर्धा तालुका तिच्या भोंग्याच्या धाकात वाढलाय, मीही त्यातलीच. तिने माझ्या टेबलावर कागद ठेवला. 'प्रिय टोबी, युद्धाबद्दलचं आपलं मत कळवल्याबद्दल आभार. आपला शब्द माझ्यासाठी मोलाचा आहे.' खाली यंत्राने केलेली सही.

मी नाव परत वाचलं. टोबी तिचा मुलगा. पुराच्या वेळी वाळूची पोती रचायला जाता येईल, म्हणून राज्याच्या राखीव दलात त्याने नाव घातलं. मागचं युद्ध पेटायच्या आधी 'हे नको' म्हणून याच कचेरीला त्याने पत्रही लिहिलं होतं. तरी त्याला पाठवलंच. विसावं लागायच्या आत शवपेटीतून परत आला. त्याच्या दफनाला मी गेले होते.

"नोरीन, माझी चूक झाली हो. आत्ता नाव काढून टाकते."

"खबरदार काढशील तर!" ती म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला काही लिहिलंय. हॉलिस आहे का आत?"

मी हो म्हणायच्या आत ती आत शिरलीसुद्धा. ब्रँटसाहेब धडपडत उभे राहिले.

"बस रे, बस. माझ्या बसमध्ये ओकायचास तेव्हा कधी एवढा मान दिला नाहीस."

ते हसले. मग त्यांनी कागद वाचला आणि हसणं जागच्या जागी विरलं. "नोरीन, काय बोलू मी..."

"बोलू नकोस, लिही. यात सगळं आहे, फक्त तू काय करणार तेवढंच नाही. पोराने विचारलं होतं. हो की नाही, तुझ्या हाताने लिहून दे."

"इतकं सोपं नसतं गं ते. गुप्त माहिती असते, पक्ष असतो..."

"मग तसं लिही. म्हणावं, टोबी, पक्ष असतो."

मी दारातच उभी होते. खरं तर मी तिथून जायला हवं होतं. ब्रँटसाहेबांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. एक कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'टोबी, गुरुवारी मी हे युद्ध थांबवण्याच्या बाजूने मत देईन. हॉलिस.' तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. माणूस खोटं बोलत नव्हता. याच गोष्टीने माझं डोकं पोखरलंय. खोटं बोलला असता तर त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

नोरीनने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "जाता जाता त्याच्याकडे वळते," ती म्हणाली, "वाचून दाखवते." आणि मी मूर्ख! आनंदाच्या भरात कोपऱ्यावरून डझनभर डोनट आणून कचेरीत वाटले.

बुधवारी साहेब वॉशिंग्टनला गेले. तिथे त्यांना पक्षातल्या बड्यांनी आत बोलावून घेतलं. आत काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गुरुवारी दुपारी टीव्हीवर मतांचा फलक लागला. ठराव दोन मतांनी पडला होता. ब्रँट, हॉलिस: विरोधात.

शुक्रवारी पहिली विमानं उडाली. फोनवर लोकांनी माझा उद्धार केला, तो मी मुकाट ऐकला. मला भीती होती ती एकाच आवाजाची. प्रत्येक रिंगला वाटायचं, हीच ती. तिचा फोन सोमवारी आला.

"ज्यूडी, मी भांडायला फोन नाही केला."

"भांडा, नोरीन. भांडाच."

"नाही गं. एक विचारायचंय. तू दिवसभर लोकांना उत्तरं देत बसतेस, तुला सुचेल." तिला धाप लागली होती. "मी त्याला वाचून दाखवलं गं. मोठ्याने, दोनदा. आता रोज तिथवर जाते आणि दफनभूमीच्या फाटकाशीच थांबते. आत जाऊन त्याला काय सांगू?"

बाजूचे दोन्ही फोन वाजत होते. मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर." जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेलो. तिने माझा दंड धरला होता. फाटक उघडंच होतं. तिथून त्याच्या थडग्याचा दगड दिसतो, तिसऱ्या ओळीत. मलाही आत पाऊल टाकवलं नाही.